माळाचं वय विचारलंय कधी?

दर रविवारी रात्री ताईचा फोटो येतो. पायात चिखलाने माखलेले बूट, मागे ओकची गाठाळ झाडं आणि खाली एक ओळ, ‘आज अकरा किलोमीटर!’ ताई इंग्लंडमध्ये असते. तिकडे शेतांमधून आणि रानांमधून सार्वजनिक पायवाटा आहेत. जमीन कुणाचीही असो, त्या वाटेवरून चालणाऱ्याला कुणी अडवत नाही. ती ज्या रानात फिरते त्याला तिथले लोक ‘एन्शंट वुडलँड’ म्हणतात. म्हणजे १६०० सालापासून आजवर सलग झाडी टिकून असलेलं रान. त्याची नकाशावर तशी नोंदही असते.

मी हे फोटो नीट बघते ते सोमवारी सकाळी, खराडीच्या ट्रॅफिकमध्ये. जळफळाट होतो. तुमचा नसता झाला?

गेल्या डिसेंबरमध्ये ताई पंधरा दिवसांसाठी घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “तुमच्याकडे मॉल सोडून चालायला काय आहे गं?” हा सरळ अपमान होता. शनिवारी पहाटे पाचला मी तिला उठवलं, थर्मासमध्ये चहा भरला आणि गाडी नगर रस्त्याला घातली.

पहिला मुक्काम शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली. पुण्याहून साधारण पंचावन्न किलोमीटर. गावाच्या नावातच सगळं आलं, मोर आणि चिंचा. धुकं पातळ होत होतं, जुन्या चिंचांचे बुंधे दोघींच्या कवेत मावत नव्हते आणि बांधावरून मोर रुबाबात चालले होते. फक्त त्यांचा पिसारा आखूड होता. “शेपटी कुठाय?” ताईने विचारलंच. पावसाळा संपला की मोराचा पिसारा गळतो आणि मग हळूहळू पुन्हा वाढतो. मोर डिसेंबरमध्ये पाहायचे म्हणजे नटीला मेकअपशिवाय भेटण्यासारखं!

चिंचांखालून तासभर हिंडलो. “हे घे तुझं एन्शंट वुडलँड,” मी ऐटीत म्हटलं. तिने लगेच फोनवर शोधलं आणि माझी हवाच काढून टाकली. चिंच मूळची आफ्रिकेतली! आपल्या आमटीत ती कितीही मुरली असली तरी ही झाडं कुणीतरी लावलेली, जपलेली. सुंदर, जुनी, पण लावलेली.

रांजणगावच्या महागणपतीला हात जोडून पुढे शिरूर, आणि तिथून न्हावऱ्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या ट्रॉल्या. ताईला उतरून उसात फोटो काढायचा होता, मी गाडी थांबवली नाही. याच तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि बिबट्याला बाराही महिने लपायला जागा मिळाली. फिरायला आलेल्या माणसाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

भीमा ओलांडली की दौंड तालुका. चौफुल्याला चहा घेतला आणि पाटसच्या पुढे रोटी घाटाच्या अलीकडे मामांच्या गावी पोचलो. तुकोबांची पालखी हाच घाट चढून बारामतीकडे जाते. मामींनी पिठलं-भाकरी, ठेचा असा बेत केला होता. जेवून आडवं व्हायची इच्छा होती, पण मामा म्हणाले, “माळावर जायचं तर चारनंतर. उन्हं कलू द्या.”

चारला निघालो आणि दहा मिनिटांत ताईचा चेहरा पडला. समोर झाडच नाही! नुसतं पिवळं गवत, मधूनमधून हिवर, एखादी बोर, तरवडाची झुडपं. “इथे बघायचं काय?” तिने विचारलं. मामा हसले. “खाली बसा जरा.”

बसलो, आणि माळ हलायला लागला. गवतातून चंडोल सरळ वर उडाला आणि गात गात खाली आला. लांबवर एक भोवत्या गवताला जवळजवळ पंख टेकवत घिरट्या घालत होता. हा शिकारी पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून थंडीपुरता येतो. हजारो किलोमीटर उडून तो आपल्या माळावर उतरतो, कारण त्याला इथेही गवतच हवं असतं. मग मामांनी बोट दाखवलं. दोन चिंकारा! मातीच्याच रंगाच्या, आखूड शेपटी फडफडवत उभ्या. आम्ही श्वास रोखला, त्यांनी आम्हाला नीट पाहून घेतलं आणि दोन उड्यांत नाहीशा झाल्या. लांडगा दिसला नाही. वाटेच्या धुळीत त्याचा पंजा मात्र मामांनी दाखवला.

परतताना आमच्या सॉक्समध्ये शंभरेक कुसळं होती. ताई ती एकेक उपटत होती आणि मामा गवतांची नावं सांगत होते. ही कुसळी, हा मारवेल, हा पवन्या. मला फक्त ‘गवत’ हा एकच शब्द येत होता.

भीमथडी म्हटलं की आपल्याला पुण्यातली जत्रा आठवते आणि तिथले मांडे. पण भीमथडी म्हणजे हाच मुलूख, भीमेचा काठ. इथली काटक भीमथडी तट्टं मराठ्यांच्या घोडदळात होती आणि ती वाढली या माळांच्या, कुरणांच्या गवतावर. आजही धनगरांचा संसार त्यांच्याच पाठीवर कोकणात उतरतो आणि पावसाळ्याआधी परत येतो. राष्ट्रीय पातळीवर घोड्याची स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंदही अलीकडेच झाली.

आणि माळाचं वय? २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रं, देवांच्या कथा वाचून त्यांतली झाडंझुडपं शोधली. निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलांचा उरलेला सांगाडा नाही. किमान साडेसातशे वर्षांपासून इथे गवत आणि विरळ काटेरी झाडी असंच रान आहे. हिशोब करा. ताईच्या वुडलँडला १६०० सालाची अट लागते. आपला माळ त्याच्याही आधीचा!

इथपर्यंत मी मजेत होते. मग मामा म्हणाले, “चल, तुझी झाडं बघू.”

हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या कंपनीने याच गावच्या गायरानावर वृक्षारोपण केलं होतं. जागा मीच सुचवली होती, कारण कागदावर ती ‘पडीक’ होती. दोन बस भरून आम्ही आलो, हिरवे टी-शर्ट घातले, आधीच जेसीबीने खणून ठेवलेल्या खड्ड्यांत गिरिपुष्पाची रोपं लावली, ग्रुप फोटो काढला आणि वाटेत मिसळ खाऊन घरी गेलो. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं झाड आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मेलमध्ये ‘देशी रोपं’ असं मीच लिहिलं होतं.

आता तिथे काय होतं? रांगांनी खड्डे. बरीच रोपं वाळलेली, काही जगलेली. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून तिथेच. आणि जिथे माती उलटली होती तिथे मारवेल नाही, पवन्या नाही, नुसतं गाजरगवत. एक म्हातारे धनगर चार मेंढ्या घेऊन कडेला बसले होते. घरचे सगळे कोकणात गेलेले, पाय दुखतात म्हणून आबा मागे राहिलेले. मामांनी सांगितलं, “आबा, ही आमची भाची. हिच्याच लोकांनी लावली झाडं.”

आबा रागावले नाहीत. म्हणाले, “झाडं लावली, बरं केलं पोरी. पन गवत कुटं लावलं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा तर आणखीच वाईट वाटलं. असं जुनं गवताळ रान एकदा नांगरलं, की त्यातल्या सगळ्या वनस्पती परत यायला किमान शंभर वर्षं लागतात, असं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं. झाड लावायला दहा मिनिटं पुरतात. गवत लावता येतं, पण माळ लावता येत नाही.

परतीच्या वाटेवर ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं, इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची सत्त्याण्णव टक्के कुरणं १९३० नंतर नाहीशी झाली. झाडांची नोंद ठेवणाऱ्या देशाचंही गवताकडे लक्ष नव्हतं! मला जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

पुढच्या जुलैच्या वृक्षारोपणाची को-ऑर्डिनेटर मीच आहे. सोमवारी मी मेल टाकला, की या वेळी माळ नको. शाळेच्या आवारात वड-पिंपळ लावू, रस्त्याकडेला कडुलिंब लावू, आणि माळावर जायचं असेल तर गेल्या वेळच्या पिशव्या उचलायला आणि गाजरगवत उपटायला जाऊ. बॉसचं उत्तर आलं, “आयडिया चांगली आहे, पण फोटोत हिरवं काय दिसणार?”

अजून ठरलेलं नाही. तुमच्या ऑफिसातही असा मेल येईल. टी-शर्टचा साइझ कळवण्याआधी एवढंच विचारा, की झाड लावणार त्या जागी आत्ता काय उगवलंय?

ताई परत गेली. गेल्या रविवारी तिचा फोटो आला, तोच ओक, तेच बूट. बुटाच्या लेसमध्ये एक कुसळ अडकलेलं होतं.

जायचंय?
पाटस पुण्याहून सोलापूर रस्त्यावर, साधारण साठ किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर. चिंकारा हमखास बघायच्या असतील तर चौफुल्याहून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जवळ आहे. इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथे वनखात्याची गवताळ सफारी आहे, आधी बुकिंग करून जा. माळावर गाडी घालू नका, पायीच चाला. स्थानिक माणूस सोबत घ्या, उसाच्या कडेला अंधार करू नका. आणि हो, सॉक्स जाड घाला!