गुडघ्याचा रकाना

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आईला दोन दिवस पुणे दाखवायचं ठरलं. आई, माझा सहावीतला मुलगा आणि मी. आईची मागणी एकच होती, सावित्रीबाईंनी जिथे शिकवलं ती जागा बघायची. लेकाला शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय. मुक्काम कोथरूडला मावशीकडे.

होटगी हे जंक्शन. इथून एक रूळ वाडीकडे जातो, एक विजापूरकडे. त्यामुळे आम्हा होटगीकरांना आगगाडीचं कौतुक नाही आणि भीतीही नाही. सोलापुरात येऊन सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरायची, हे लगेच ठरलं. प्रश्न होता तो पुण्यात उतरल्यावरचा. भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस गाडी भाड्याने घे. लायसन आहे ना तुझ्याकडे? आईचे गुडघे बघ की जरा."

हा प्रश्न मी सुट्टीच्या आधी सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडला. व्यावहारिक गणित म्हणून पुस्तकातले नळ आणि टाक्या किती दिवस भरायच्या?

आम्हाला सांगितलेलं भाडं दिवसाला 2200 रुपये, म्हणजे दोन दिवसांचे 4400. अनामत वेगळी, ती परत मिळणार म्हणून सोडून दिली. दोन दिवसांत शहरात फिरणं साधारण 40 किलोमीटर. गाडी लिटरला 16 किलोमीटर चालेल असं धरलं, पेट्रोल 104 रुपये. म्हणजे अडीच लिटरचे 260 रुपये. एकूण 4660.

आता रिक्षा. पुण्यात तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये असा मीटर होता. पाच-पाच किलोमीटरच्या आठ फेऱ्या धरल्या. एका फेरीचे 84 रुपये 50 पैसे, आठ फेऱ्यांचे 676.

मग मी विचारलं, "किती किलोमीटर फिरलं तर गाडी परवडेल?" मुलांनी मांडणी केली. गाडीला पेट्रोल किलोमीटरमागे साडेसहा रुपये, रिक्षाला 17. फरक साडेदहा. 4400 भागिले साडेदहा, उत्तर आलं सुमारे 419. एक पोरगं मागून ओरडलं, "बाई, म्हणजे पुण्याहून सोलापूरला येऊन परत अर्ध्याच्या पुढं जायचं!" वर्ग हसला. उभ्या गाडीलाही भाडं लागतंच, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. स्थिर खर्च हा शब्द मी नंतर सांगितला.

मी खडू खाली ठेवणार तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आज्जीच्या गुडघ्याचं किती धरलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस भाऊ आणि मी फोनवर आईच्या गुडघ्यांवर वाद घालत होतो, आणि आईला विचारलंच नव्हतं.

आईची शाळा चौथीत सुटली. पुढची शाळा लांब, नेणारं-आणणारं कोणी नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही. साठ वर्षांनी मीही तेच करत होते, फक्त काळजीच्या नावाखाली.

संध्याकाळी विचारलं. तोंडल्याच्या फोडी करत ती सहज म्हणाली, "मला रिक्षाच बरी. उतरताना दांडी धरता येते. गाडीची बैठक खाली असती, एकदा बसलं की उठवत नाही. आणि तू मला रस्त्यात उतरवून गाडी लावायला जाणार. तोवर मी अनोळखी गावात एकटी उभी राहू व्हय?"

बुधवार पेठेत गाडी कुठे लावायची, याचा विचार ना मी केला होता, ना भावाने. दारात नेणारी म्हणून जी गाडी आम्ही घेणार होतो, ती पेठेत आईला एकटी सोडूनच पुढे गेली असती.

गाडी घेतली नाही. हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. वाटेत लेकाला सांगितलं, की मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिलं. गाडीचं नाव त्यांचं. पुणे स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून मंडई. पुढे रिक्षा.

भिडे वाड्यात 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ती मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर 2023 मध्ये पाडली, तिथे स्मारक व्हायचं आहे. आईला हे आधीच सांगितलं होतं. तरी ती रस्त्याच्या कडेला माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "जागा तर बघितली." नंतर गंज पेठेतल्या फुलेवाड्यात ती निवांत बसली.

आमचा निर्णय सगळाच बरोबर ठरला, असं नाही. दुसऱ्या संध्याकाळी गर्दीत अर्धा तास रिक्षा मिळाली नाही. आई एका दुकानाच्या पायरीवर बसून होती आणि मला भावाचे शब्द आठवत होते. शेवटी मोबाईलवरून ड्रायव्हरसह गाडी मागवली. तिच्यातून उतरताना आईला दोघांनी हात दिला. माझा हिशोब त्या अर्ध्या तासाला कमी पडला, हे मी सुट्टीनंतर वर्गात सांगितलं.

पालकांसाठी एक सूचना. गरज असेल तर गाडी जरूर घ्या, पण स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ते बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात.

आणि शिक्षकांसाठी : हे गणित वर्गात जरूर घ्या, आकडे आपापल्या गावचे. फक्त शेवटी एक रकाना मोकळा ठेवा. ज्याच्यासाठी प्रवास आहे, त्याला घरी जाऊन विचारायचं आणि मगच तो भरायचा.