सुराआधीचा श्वास

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये माणसं कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. टॉवेलचे, चादरीचे माग एकदम धडधडत असले की शेजाऱ्याशी बोलायचं तर ओठ ठळक हलवायचे, नाहीतर बोटांनी खूण करायची. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं हातावर. या मंडळींचं भजन बसवायला मी जाऊ लागले आणि आधी जाणवलं ते हेच. वहीत डोकं घालून गाणारे समूह मी पुष्कळ पाहिलेत. इथे हात उचलला की सगळ्या नजरा वर येतात.

कानाचं मात्र उलट आहे. दिवसभर त्या गोंगाटात राहिलेला गळा गातानाही गोंगाटावर मात करायला बघतो. टाळ कडाडतात, पखवाज चढतो, आवाज ताणले जातात आणि लय बघता बघता पळायला लागते. म्हणून तालमीची सुरुवात मी टाळ बाजूला ठेवून करते. तंबोरा लावायचा, सगळ्यांनी षड्ज धरायचा, तोही इतका हळू की शेजाऱ्याचा आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू यावा. ‘आ’कारात एकमेकांची तोंडं बघायची, कारण एकाचा ‘आ’ पसरट आणि दुसऱ्याचा गोल असला तर सूर बरोबर असूनही मिळत नाही. हे जमायला वेळ लागतो. पण सगळ्या गळ्यांचा मिळून एकच आवाज झाला की मागावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी कितीही तालमी घ्यायला तयार आहे.

पाश्चात्त्य कॉयरमध्ये उजवा हात मात्रा दाखवतो आणि डावा आवाजाचा चढउतार सांगतो. आपल्याकडे मात्रा सांभाळायला पखवाज असतो. भजनी ठेक्यात हाताने मोजत राहणं म्हणजे पखवाजियाच्या कामात ढवळाढवळ. हात लागतो तो सुराच्या आधी. तो ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने मंडळी श्वास घेतात, आणि श्वास जेवढा खोल तेवढी ओळ पुरते. मनगट सैल, तळवा किंचित वर, खांदा खाली. माझा खांदा उचलला गेला की समोरचे सगळे खांदे उचलले जातात आणि गळे आवळतात. श्वास मला स्वतःलाही घ्यावाच लागतो. न घेता नुसता हात हलवला तर ते लगेच ओळखतात. ओठ वाचणारी माणसं आहेत ती.

असा हात आमच्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. आषाढीला ज्ञानोबांची पालखी माळशिरस तालुक्यातून पंढरपूरकडे जाते. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो आणि चोपदार चोप उंचावतो. टाळ थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती तेवढी वाजवत राहते. चोपदार तिचं ऐकून घेतात, मग तीही थांबते. समूह चालवण्याचं याहून मोठं शिक्षण मला कुठल्याच शिबिरात मिळालेलं नाही. तालमीत एखादी रांग सारखी पुढे धावत असेल तर तिला दटावण्याआधी मी तिथे जाऊन उभी राहते. पुष्कळदा कळतं, तिथे पखवाज नीट ऐकूच येत नाही.

विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. लोकांपुढे उभं राहून गायचं तर आधी शिकावं लागतं, हे वारकऱ्यांनी कधीच मान्य केलंय. शाळांमध्ये मात्र ज्यांना थोडीफार पेटी येते त्यांच्या गळ्यात प्रार्थना पडते. सर काळी एक धरतात, कारण ती त्यांची पट्टी. मुलांना ती खाली पडते. अर्धी पुटपुटतात, उरलेली ओरडतात. आपण म्हणतो, मुलं बेसूर आहेत. काळी चार धरून बघा, तीच मुलं गायला लागतात. संगीतकार वसंत देसाईंना (1912–1975) हे नेमकं ठाऊक असणार. ‘गुड्डी’तली (1971) त्यांची प्रार्थना केदारातली, तरी देशभरातल्या शाळांनी ती आपली मानली. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी मुलांच्या मोठमोठ्या समूहांना एकत्र गायला लावलं. इथल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. ‘भ’ आणि ‘ध’ काहींच्या तोंडून हलके येतात, तेवढे घोटून घ्यावे लागतात. ‘ळ’ मात्र तेलुगू-कन्नड घरांतल्या मुलांना शिकवावा लागत नाही.

आता मंडळातल्या एका विणकराची मुलगी पुढे उभी राहायला शिकतेय. तिचा हात छान आहे, घाई नाही. अडचण पट्टीची आहे. काळी चारवर पुरुषांचे आवाज वर फाटतात, काळी एकवर बायकांना खालचे सूर लागत नाहीत. पांढरी तीनवर दोघांचंही कसंबसं निभतं. म्हणून सध्या आम्ही एकाच सप्तकात फिरणाऱ्या चाली गोळा करतोय, आणि त्यातल्या कुठल्या ठेवायच्या हे तिनेच ठरवायचं आहे.