इंजिनाचा खोकला

बिघडलेल्या यंत्राभोवती चार माणसे जमली, की त्यांतल्या प्रत्येकाला आपण जन्मजात वैद्य असल्याचा साक्षात्कार होतो. घड्याळ बंद पडले, तर ते कानाशी हलवून पाहणारा एक तरी निघतोच. मग बोटीच्या इंजिनाची काय कथा! अख्खा किनारा त्याचा डॉक्टर.

२०१९ सालच्या नारळी पौर्णिमेनंतर मी हर्णैला मामांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या बोटीचे इंजिन असेच आजारी होते. जून-जुलैची मासेमारीबंदी संपलेली, समुद्राला नारळ वाहून झालेला, बर्फाला पैसे उसने आणलेले. आणि चार सिलिंडरांचे ते डिझेल इंजिन दमेकऱ्यासारखे धापा टाकीत होते. बंदरात कसेबसे चाले. पण सुवर्णदुर्गापलीकडे लाटेवर जोर लावला की अडखळे आणि पांढरा धूर ओकी. खडकांजवळ ते बंद पडले तर काय, हे मामींच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. कोणी म्हणे पंप गेला, कोणी म्हणे इंजिन खोला. खोलायचे म्हणजे हंगामाचे दिवस वाया आणि डोक्यावर आणखी कर्ज.

शेवटी मामांनी म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पहिली पंधरा मिनिटे पान्याला हातच लावला नाही. नुसते ऐकत बसले.

"धूर काळा असता, तांडेल, तर हवा कमी किंवा ओझे जास्त," ते म्हणाले. "निळा असता तर ऑइल जळतेय. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही."

पंख्यात दोर अडकला नाही ना, हे त्यांनी एका खलाशाला बुडी मारून पाहायला लावले. मग चालू इंजिनावर इंजेक्टरच्या एकेका नळीचा नट किंचित सैल करीत गेले. सैल केला की आवाज पडे. आवळला की सावरे. चारही वेळा तसेच झाले.

"पाहिलेत, मास्तर? चौघेही कामाला आहेत. एखादा आळशी असता, तर त्याची सुट्टी कळलीच नसती. दोष कामकऱ्यांत नाही, शिध्यात आहे."

त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून एक काचेची बाटली भरली. खाली पाणी, वर डिझेल आणि मधोमध काळसर शेवाळासारखी बुळबुळ! टाकी पावसाळाभर अर्धी रिकामी होती. दमट हवेतले पाणी तिच्या आतल्या भिंतींवर सुटले आणि जड म्हणून तळाशी बसले. जिथे ते डिझेलला भिडले, तिथे जंतूंची वस्ती झाली. त्यांनीच फिल्टरचा गळा आवळला होता. हळू चालताना थोडे डिझेल पुरे. जोर लावला की घास अडके.

टाकी तळापर्यंत उपसायला दुपार गेली. वेळ जावा म्हणून मी मामांना सांगितले, की रुडॉल्फ डिझेल, या इंजिनाचा जनक, १९१३ साली अँटवर्पहून इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरूनच नाहीसा झाला.

"असल्या गोष्टी बोटीवर सांगू नयेत," मामा म्हणाले.

नवा फिल्टर बसला. मग मिस्त्री हातपंप दाबीत राहिले. सैल केलेल्या स्क्रूतून आधी फेस आला, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. "नळीत हवा राहिली, तर नवा फिल्टरही काही कामाचा नाही," म्हणत त्यांनी स्क्रू आवळला.

इंजिन दोनदा खोकले आणि एका लयीत धडधडू लागले. मामींनी विचारले, "आता खडकाशी बंद पडणार नाही ना?"

मिस्त्रींनी उगाच धीर दिला नाही. "टाकीच्या कोपऱ्यांत उरलेली घाण हेलकाव्यांनी सुटेल. एक फिल्टर जवळ ठेवा आणि दोन दिवसांनी बदला."

पहाटे बोट निघाली. अंधारात ती दिसत नव्हतीच. मामी पदर कानामागे सारून, सुवर्णदुर्गाच्या अंगाला आवाज विरेपर्यंत, वाळूत नुसत्या ऐकत उभ्या होत्या.