आलिकांतेचे मीठ आणि लोणारचा खार

लोणारचे सरोवर पाहावयास जगाच्या पाठीवरून लोक येतात. मेहकरासारख्या सात-आठ कोसांवरच्या गावी राहणाऱ्या आमच्यासारख्यांस मात्र कमळजा देवीचे दर्शन, धारेचे स्नान आणि पाहुण्यांस दाखवावयाची सासू-सुनेची विहीर, यापलीकडे त्या ठिकाणाचे फारसे अप्रूप राहिलेले नसते. आमच्या घरातील एका मुलास त्या पाण्याची खरी ओळख होण्यासाठी स्पेन देशी जावे लागले. ती हकीकत कुटुंबवत्सल वाचकांस रुचेल, आणि ज्यांच्या घरी असाच प्रश्न उभा असेल त्यांच्या उपयोगीही पडेल, असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

हा मुलगा म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा नातू. तो पुण्यास सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. २०२३ च्या उन्हाळ्यात घरी आला तो बातमी घेऊनच. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील आलिकांते विद्यापीठात एका सहामाहीकरिता त्याची निवड झाली होती. उभय संस्थांतील करारामुळे तिकडचे शुल्क माफ होते. विमानाचे भाडे आणि पाच महिन्यांचा चरितार्थ घरून हवा होता. विद्यार्थ्यांच्या अशा देवघेवीस युरोपात १९८७ साली इरॅस्मस नामक योजनेने आरंभ झाला, आणि पुढे युरोपाबाहेरील मुलांसही ती वाट खुली झाली, हे आम्हांस तेव्हाच कळले. दादांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, "सहाच महिने शिकावयाचे तर पुण्याचे काय पाणी आटले आहे?" वहिनींची चिंता निराळी. ज्या देशात डुकराच्या तंगड्या दुकानात टांगलेल्या असतात, तेथे हा पोरगा खाणार काय? आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. अखेर दादांनी भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस खामगावास नेऊन विकला. आम्ही मास्तर पडलो, आमच्याजवळ द्रव्य कोठले! आम्ही एक अट मात्र घातली: दर रविवारी मराठीत, स्वहस्ते, निदान दोन पाने लिहावी, आणि त्या पानांचे छायाचित्र फोनवरून पाठवावे. त्याने ती अट पाळली. पुढील मजकूर बहुतांशी त्या एकोणीस पत्रांवरून घेतला आहे.

मुंबईहून माद्रिद आणि तेथून शीघ्रगामी आगगाडीने अडीच तासांत आलिकांते. २०१३ पासून ही गाडी सुरू आहे. वाटेत ला मांचाचे पठार लागते. "आजोबा, बाहेर पाहिले तर आपले मोताळा-नांदुराच," असे त्याने पहिल्याच पत्रात लिहिले. वृक्ष तुरळक, माती तांबूस, दूरवर एखादे गाव. याच पठारावर सर्व्हांतेसने आपला वेडा सरदार फिरविला. येथे आम्हांस एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एकोणीसशे तीसच्या दशकात नित्यानंद शास्त्री व जगद्धर झाडू या दोघा काश्मिरी पंडितांनी त्या ग्रंथातील आठ प्रकरणे संस्कृतात उतरविली होती. ते हस्तलिखित अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिले आणि २०१९ साली आपल्या पुण्याहून छापून प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांस राक्षस समजून त्यांवर चालून जाणारा तो वीर गीर्वाणवाणीत बोलतो, ही कल्पनाच किती गोड!

मुलाने जाण्यापूर्वी वर्षभर स्पॅनिश शिकून घेतली होती, तरी पहिले तीन आठवडे त्यास वर्गात निम्मेच समजे. आमचा उपयोग त्यास झाला तो येथे. तो नवे शब्द लिहून पाठवी आणि आम्ही कोश उघडून बसत असू. तिकडे साखरेस आथूकार म्हणतात, ती आपली शर्करा. संत्र्यास नारांहा म्हणतात, तो आपला नारङ्ग. कापूर म्हणजे आल्कान्फोर, आणि बुद्धिबळास आहेद्रेथ म्हणतात, त्याच्या पोटी आपला चतुरङ्ग दडलेला आहे. हे सर्व शब्द इराणी व अरबी मुखांतून जाता जाता तेथवर पोहोचले. अरबांनी त्या देशाच्या मोठ्या भागावर कित्येक शतके राज्य केले, त्याची ही खूण. कापसास ते अल्गोदोन म्हणतात. तो शब्द मात्र अरबीच. दादांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कोणत्या का नावाने होईना, त्याच्याच पैशावर गेला आहे म्हणावे."

अन्नाचा प्रश्न वहिनींच्या भाकिताप्रमाणेच बिकट निघाला. "मांस नको" म्हटले की तेथील खानावळवाला प्रेमाने मासे वाढी, आणि मासेही नकोत म्हटले की बटाट्याची जाड पोळी आणी, तीत अंडी. अखेर मुलाने स्वतः भात-वरण शिजवावयास आरंभ केला. तांदूळ तेथे उत्तम मिळतो, कारण व्हॅलेन्सिया प्रांत भातासाठी प्रसिद्धच आहे. दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला, म्हणजे वेळा आपल्या घरासारख्याच. नाताळात बदाम व मध यांची तुर्रोन नामक वडी मिळते. ती जवळच्या हिहोना गावची प्रसिद्ध. वहिनींस ती चिक्कीहून चांगली वाटली नाही, पण डबा चार दिवसांत संपला हे नमूद करावयास हवे.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते वर्गातील रीतीचे. तेथे आदरार्थी 'उस्तेद' असा शब्द आहे. तो पूर्वीच्या 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष. परंतु विद्यार्थी प्राध्यापकांस तो लावीत नाहीत. सरळ 'तू' म्हणतात आणि नावाने हाक मारतात. आमच्या मुलास हे जमेना. तो शेवटपर्यंत उस्तेदच म्हणत राहिला आणि सारा वर्ग हसत राहिला. आमच्या मते त्याने बरे केले. मात्र त्याच पत्रात पुढे लिहिले होते की, ज्यांस तू म्हणतात त्या प्राध्यापकांच्या चुका मुले भर वर्गात दाखवितात आणि प्राध्यापक त्या फळ्यावरच दुरुस्त करतात. हे वाचून आम्ही थोडा वेळ विचारात पडलो. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत आमच्या वर्गात असे कधी घडले नाही, आणि त्याचे कारण आम्ही चुकलो नाही हे खचित नसावे.

आता मुख्य गोष्ट. आलिकांतेच्या दक्षिणेस सांता पोला नावाची मिठागरे आहेत. तेथील दाट खाऱ्या पाण्यातही जीव राहतात. १९८९ च्या सुमारास फ्रान्सिस्को मोहिका नावाचा तरुण याच विद्यापीठात त्या जीवांवर प्रबंध करीत होता. तो जवळच्याच एल्चे गावचा, जेथे अरबांच्या वेळेपासूनची खजुराची बने आहेत. त्या जीवाच्या आनुवंशिक लेखात त्यास एक विलक्षण प्रकार आढळला. तीच अक्षरे ठराविक अंतराने पुनःपुन्हा येत, आणि ती उलटसुलट वाचता जवळजवळ सारखीच. आपल्या चित्रकाव्यात गतप्रत्यागत म्हणतात, तसे काहीसे. गोदावरीतीरीच्या पार्थपुराच्या सूर्यकवीने सोळाव्या शतकात असे विलोमकाव्य रचले, जे सरळ वाचता राम आणि उलट वाचता कृष्ण. पण कवी ते बुद्ध्या करतो. जंतू कशासाठी करील? मोहिका यांनी हा प्रश्न सोडला नाही. पुढे त्यांस उमगले की, त्या पुनरुक्तीच्या मधल्या जागांत शत्रू विषाणूंचे तुकडे साठविलेले आहेत. घरात एकदा चोर शिरला की त्याची खूण वहीत नोंदवावी, आणि ती वही वारसाहक्काने लेकरांस द्यावी, तसाच हा व्यवहार! हा शोध कित्येक नियतकालिकांनी साभार परत केला. अखेर २००५ साली तो छापून आला. याच रचनेस आज क्रिस्पर म्हणतात. तिच्यापासून आनुवंशिक लेखात हवा तेथे छेद देण्याचे साधन निर्माण करणाऱ्या शार्पांत्ये व डाउडना या दोन विदुषींस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिठागराजवळच्या त्या प्राध्यापकाचे नाव त्यात नव्हते. आमचा मुलगा लिहितो, तेथील मुलांस याचा खेद आहे, पण त्याहून अभिमान अधिक आहे.

याच ओघात एका शनिवारी त्यांचा वर्ग तोरेव्हिएहा येथील सरोवर पाहावयास गेला. समुद्राचे पाणी कालव्याने आत घेऊन तेथे मीठ पिकवितात. काठावर मिठाचे पांढरे डोंगर आणि पुढे क्षितिजापर्यंत गुलाबी पाणी. बरोबरीची मुले छायाचित्रे घेऊ लागली. हा मात्र म्हणाला, "हे मी पाहिले आहे." कोणाचा विश्वास बसेना.

वाचकांस स्मरत असेल की, जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचे पाणी असेच गुलाबी झाले होते. हा तेव्हा घरीच होता. वहिनी म्हणाल्या, अपशकुन. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळले की, हा रंग क्षारप्रिय अशा हॅलोआर्किया जीवांचा आहे. पाणी घटून क्षार दाट झाले म्हणून ते माजले. पाणी स्थिर ठेवल्यास त्यांचा थर तळाशी बसतो आणि वरचे पाणी निर्मळ होते. सांता पोलाचे आणि लोणारचे हे जीव एकाच कुळातले!

वर्गाने त्यास पुढच्या आठवड्यात लोणारवर बोलावयास लावले. त्या रात्री त्याने आम्हांस फोन केला, तो माहिती विचारण्यासाठी. आम्ही जे जाणत होतो ते सांगितले: पुराणातील लवणासुर आणि दैत्यसूदनाचे देऊळ, काच व साबण यांस लागणाऱ्या तेथील द्रव्यांचा ऐने-अकबरीतील उल्लेख, १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद, आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खळगा ज्वालामुखीचा नसून काळ्या खडकावर आदळलेल्या अशनीचा आहे, हा १९७३ च्या सुमारास ठरलेला निर्णय. एक गोष्ट मात्र त्याने आम्हांस सांगितली. तोरेव्हिएहाचे मीठ समुद्राचे, जेवणातले. लोणारचा क्षार पापडखाराच्या जातीचा, दाहक. खारटपणा व दाहकता ही दोन्ही सोसणारे जीव त्याहून विरळा. साठ वर्षे आम्ही त्या काठी जात आहोत. हा भेद आम्हांस ठाऊक नव्हता, कारण आम्ही कधी विचारलाच नव्हता.

दादांस या जीवजंतूंत रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच: पाऊस किती? आलिकांतेस वर्षाकाठी जेमतेम बारा इंच पडतो, आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. मग बागाईत कसे? मुलाने त्यांच्यासाठी एक संपूर्ण पत्र लिहिले: अरबांच्या वेळचे पाट, दूरच्या ताहो नदीचे आणलेले पाणी, आणि व्हॅलेन्सियास दर गुरुवारी दुपारी देवळाच्या दारात बसणारी पाण्याची पंचायत. काळे अंगरखे घातलेले शेतकरीच तेथे न्यायाधीश. तंटा तोंडी ऐकावयाचा आणि निकाल जागीच द्यावयाचा. हे पत्र दादांनी आमच्याकडून तीनदा वाचवून घेतले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलगा परतला, आणि घरात नवाच पेच पडला. तिकडील एका अध्यापिकेने त्यास पुढील पदवीस येण्याविषयी विचारले होते. ज्या दादांनी पाठविण्यास विरोध केला, तेच आता म्हणू लागले, "परत जा. डॉक्टर हो. येथे काय ठेवले आहे?" मुलाचे मन पुण्यास पुढील शिक्षण घेऊन लोणारच्या पाण्यावर काम करण्याचे होते. वहिनी कोणाच्याच बाजूने बोलेनात, फक्त डोळे पुशीत. आमचे मत विचाराल तर दादांचे म्हणणे व्यवहारास धरून होते. परंतु जो मुलगा परक्या सरोवराच्या काठी उभा राहून "हे मी पाहिले आहे" म्हणाला, त्यास आपल्या सरोवराकडे पाठ फिरवावयास सांगणे आमच्याने झाले नाही, आणि तसे आम्ही दादांस स्पष्ट सांगितले. आठ दिवस आमचे बोलणे बंद होते.

मग एके सकाळी मुलगा आम्हांस घेऊन लोणारास गेला. धारेवरून उतरून आम्ही बाभळींतून पाण्यापर्यंत पोहोचलो. पाणी हिरवे होते. वास तोच, आमच्या लहानपणीचा. तो काठाशी बराच वेळ बसून राहिला. आम्ही म्हटले, "बाटली आणली नाहीस?" तो म्हणाला, "अभयारण्य आहे, आजोबा. परवान्याशिवाय थेंब नेता येत नाही."

परवान्याचा अर्ज त्याने दुसऱ्या दिवशी आमच्या मेजावर बसून लिहिला. दादा येऊन मागे उभे राहिले. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. काही बोलले नाहीत. खिशातून टपालखर्चाचे पैसे काढून अर्जावर ठेवले आणि शेताकडे निघून गेले.