अडीच फुटांवरून

जूनच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीचं कुलूप काढलं की आधी वास भेटतो. महिना-दीड महिना गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांचा, खडूंचा आणि कुणाच्या तरी डब्यातून सांडून राहिलेल्या शेंगदाण्याचा. मावशी पदर खोचून जाळी काढायला लागतात आणि मी मात्र फरशीवर फतकल मारून बसते. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, ताईंना चक्कर आली.

पण खाली बसल्याशिवाय वर्ग दिसत नाही. अडीच फुटांवरून माझ्या टेबलाची खालची बाजू दिसते, तिथे चिकटवलेलं च्युइंगगम दिसतं. हौसेने लावलेला मुळाक्षरांचा तक्ता दिसतच नाही. तो पाहुण्यांसाठी होता म्हणायचा. तो उतरवून हातभर खाली घेतला. खुंट्याही खाली आणल्या. त्यांच्यावर नावं नाहीत, चित्रं आहेत: छत्री, कासव, वांगं. वांगं कुणालाच नको असतं आणि आठवड्याभरात त्यावरूनच भांडणं होतात.

मग चिंचोक्यांचा डबा. निम्मे किडलेले. ते निवडताना मला दरवर्षी बोर्डी आठवते. १९४५ साली ताराबाई मोडक त्या खेड्यात बालवाडी काढायला गेल्या, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची महागडी साधनं तिथे आणायची कुठून? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच त्यांनी साधनं केलं. आता दुकानात रंगीत प्लास्टिकचे मणी ढिगाने मिळतात. पण मूठभर चिंचोके फरशीवर ओतल्यावर जो आवाज होतो, तो त्यांना नाही.

राहिली खिडकी. तिच्यातून फाटक दिसतं. आई जाताना दिसू नये म्हणून गेल्या वर्षी मी खिडकीपुढे कपाट सरकवलं होतं. शहाणपणा माझाच. मुलं दाराला चिकटून रडली, एकीने तर कडीशी झटून बोट चेमटवून घेतलं. आई गेली हे डोळ्यांनी बघितलं, तर ती गेली एवढंच कळतं; नाही बघितलं, तर ती नाहीशी होते.

कपाट ओढून बाजूला केलं. मावशींनी गजांवरची धूळ पुसली, खाली एक पाट ठेवला.

"ताई, पण आयाही बाहेर उभ्या राहून रडतात हो."

"रडू देत की."

त्या काही बोलल्या नाहीत. आतून आणखी एक पाट आणला आणि खिडकीच्या बाहेर, वळचणीखाली, टेकवला.