भूदासाचा मुलगा

शाळेत असताना रशियन यादवीचे चित्र माझ्या मनात फार सोपे होते: इकडे कष्टकरी, तिकडे सरदार-जमीनदार. आन्तोन देनिकिनविषयी वाचले आणि ते चित्र मोडले. दक्षिणेतील श्वेत सेनांच्या या सरसेनापतीचे वडील जन्माने भूदास होते. पंचवीस वर्षांच्या सक्तीच्या सैनिकी चाकरीवर गेलेला हा माणूस अखेर मेजर होऊन निवृत्त झाला. उलट, लेनिनच्या वडिलांना सरकारी सेवेतून वंशपरंपरागत उमरावपद लाभले होते!

देनिकिनचा जन्म 1872 चा, तेव्हाच्या रशियन पोलंडमधला. पहिल्या महायुद्धात त्याच्या ‘लोहब्रिगेड’ने नाव कमावले. 1917 मध्ये कोर्निलोवची बाजू घेतल्याबद्दल कैद झाली, पुढे तेथून पलायन. आणि एप्रिल 1918 मध्ये कोर्निलोव तोफगोळ्याने ठार होताच स्वयंसेवक सेनेची धुरा त्याच्याकडे आली.

3 जुलै 1919 रोजी त्सारित्सिन येथे त्याने मॉस्कोवर चाल करण्याचा हुकूम काढला. ऑक्टोबरात ओर्योल पडले. मॉस्को आता जेमतेम साडेतीनशे किलोमीटरवर होते. तेथून जी माघार सुरू झाली ती थांबलीच नाही. आघाडी विरळ होती, पिछाडीला माखनोचे बंड पेटले होते, आणि ‘एकसंध, अविभाज्य रशिया’च्या हट्टापायी पोलंडसारखे संभाव्य मित्रही दुरावले होते.

मला मात्र खरी हार शेतात झालेली दिसते. शेतकऱ्यांनी क्रांतीत जमिनी वाटून घेतल्या होत्या. त्याच्या राजवटीने जमीनदारासाठी धान्याचा तिसरा हिस्सा मागितला! भूदासाच्या मुलाच्या नावाने चाललेल्या कारभारात हे घडावे, याचा उलगडा मला अजून होत नाही. त्याच वर्षी युक्रेनमध्ये त्याच्या सैनिकांनी हजारो ज्यूंची कत्तल केली. त्याने मनाई केली होती, असे त्याचे चाहते सांगतात. पण ज्या हुकमाचा धाक सैनिकाला वाटत नाही, त्याचे श्रेय सेनापतीला कसे द्यावे?

मार्च 1920 मध्ये नोवोरोसिस्कच्या धक्क्यावर हजारो माणसे मागे सोडून जहाजे निघाली. एप्रिलमध्ये त्याने सूत्रे व्रांगेलकडे दिली.

परागंदा अवस्थेत त्याने रशियातील अराजकाचा पाच खंडांचा वृत्तान्त लिहिला. नाझींनी साहाय्य मागितले, तेव्हा बोल्शेविकद्वेष कायम असूनही त्याने नकार दिला. 1947 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे तो वारला. मॉस्कोत तो पोहोचला 2005 साली, दोन्स्कोय मठाच्या दफनभूमीत.