नव्वदच्या अलीकडे

महिलांच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेतला बार १५ किलोचा असतो. चकत्या निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लावायची कॉलर अडीच-अडीच किलोची. म्हणजे ८८ किलो मांडायचे तर प्रत्येक बाजूला ३४ किलो हवेत. आधी २५ची लाल चकती, मग पाचाची पांढरी, मग अडीच आणि दीड किलोच्या चिमुकल्या. ९० किलोला ही चिल्लर लागत नाही. एक लाल, एक दहाची हिरवी, की झालं. दिसायला ९०चा बार ८८पेक्षा सुटसुटीत. मीराबाई चानूच्या कारकिर्दीतला फार मोठा काळ या दोन बारांमधल्या अंतरात गेला आहे.

तिची ओळख सांगायची तर लोक टोकियोचं रौप्यपदक सांगतात, ऑलिंपिकच्या वर्तुळांसारखी तिची सोन्याची कर्णफुलं सांगतात, आणि लहानपणीची ती लाकडाची मोळी तर हमखास. इंफाळ पूर्व जिल्ह्यातल्या नोंगपोक काकचिंग गावातली ही मुलगी, थोरल्या भावाला न पेलणारी मोळी सहज उचलून घरी आणायची. सरावासाठी इंफाळला जायला वाळूचे ट्रक थांबवायची. या गोष्टी खऱ्या आहेत आणि गोड आहेत, पण त्यांतून असं वाटायला लागतं की ताकद ही जन्मतः मिळालेली ठेव होती आणि पुढे ती फक्त खर्च करायची होती. आकडे वेगळंच बोलतात.

२०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायच्या प्रकारात, ७५ किलो उचलले. २०१७च्या अनाहाइमच्या जागतिक स्पर्धेत ८५. तीन वर्षांत दहा किलो. नंतर २०१८ला गोल्ड कोस्टमध्ये ८६, २०१९ला पट्टायात ८७, २०२०च्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत ८८. म्हणजे वर्षाला एक किलो, तोही मोजून. आणि मग गाडी अडली.

व्यायामशाळेत जाणाऱ्या कुणालाही हा प्रवास ओळखीचा वाटेल. सुरुवातीच्या महिन्यांत वजन भराभर वाढतं, कारण तेव्हा स्नायूंपेक्षा मज्जासंस्था जास्त शिकत असते. आहेत तेच तंतू एकदम कामाला लावायचं तंत्र तिला जमायला लागतं. हा सोपा नफा संपला की स्नायू खरोखर वाढवावे लागतात आणि ते सावकाशीचं काम आहे. पुढे एक टप्पा असा येतो की तोच सराव, तोच खुराक, तेवढाच घाम, आणि बार मात्र जागच्या जागी. हौशी माणसाला यावर एक जुना उपाय असतो: भरपूर खा, अंगानं वाढ, वजन आपोआप वर जाईल. मीराबाईला ही वाट बंदच होती. ती आधी ४८ आणि २०१८च्या अखेरीस गट बदलल्यावर ४९ किलो वजनगटात खेळायची. अंगावर दोन किलो चढले तर स्पर्धेलाच मुकायची. त्याच देहातून, त्याच वजनात, जास्त ताकद काढायची होती.

पण तिचं अडणं ताकदीपाशी होतं का? इथे खरी गंमत आहे. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यावर येतो, तिथे क्षणभर टेकतो, मग डोक्यावर जातो. स्नॅचमध्ये असा मुक्कामच नाही. रुंद पकडीनं जमिनीवरून थेट डोक्यावर, आणि त्याच क्षणी आपण बाराखाली पूर्ण बसायचं. बार जरा पुढे राहिला की समोर पडतो, जरा मागे गेला की पाठीमागे. खांदा, नितंब, घोटा, सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं काम करायचं. एकानं कुचराई केली तर दुसऱ्याची ताकद वाया जाते. चांगल्या लिफ्टरचं स्नॅच हे क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के असावं, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या चीनच्या होउ झिहुईचे आकडे ९४ आणि ११६, म्हणजे ८१ टक्के. मीराबाईचे ८७ आणि ११५. जेमतेम ७६.

म्हणजे पायांत, पाठीत बळ होतं. ते डोक्यावर पोचत नव्हतं.

२०१८मध्ये कंबरेच्या दुखण्यानं तिला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेवर पाणी सोडावं लागलं होतं. त्या दुखण्यातून ती उठली, आधीपेक्षा जास्त वजनही उचलू लागली, पण शरीराच्या दोन बाजूंमधला समतोल बिघडलेलाच राहिला आणि त्याचा भार खांद्यावर येऊ लागला. पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात मुख्य प्रशिक्षक विजय शर्मांबरोबर वर्षानुवर्षं सराव करूनही ही गाठ सुटेना, तेव्हा २०२०च्या ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेला गेली, अ‍ॅरन हॉर्शिग यांच्याकडे. हॉर्शिग फिजिओथेरपिस्ट आणि स्वतः माजी वेटलिफ्टर. तिथलं काम बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटावं असं. विक्रमी वजनांऐवजी हलकी वजनं, खांद्याचे आणि नितंबांचे बारीकसारीक व्यायाम, दुबळ्या बाजूला पुन्हा कामाला लावणं. जगातल्या पहिल्या चारांत असलेल्या खेळाडूनं, कोविडनं लांबलेल्या ऑलिंपिकच्या तोंडावर, वजन कमी करून मुळाक्षरं गिरवायची, याला पदकापेक्षाही जास्त छाती लागत असावी.

आणि मग २०२१च्या एप्रिलमध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जे झालं त्याला काय म्हणावं! स्नॅचमध्ये ८५ किलो दोनदा हुकले. तिसऱ्या खेपेला ८६ कसेबसे निभावले. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप, ते तसंच. पण क्लीन अँड जर्कमध्ये तिनं ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. स्नॅच दुरुस्त करायला गेलेल्या खेळाडूचा बांध फुटला तो दुसऱ्याच प्रकारात. तिच्या दोन आकड्यांमधलं अंतर त्या दिवशी ३३ किलो झालं, आजवरचं सगळ्यात विषम. शरीराला हिशेब देता येतो, त्याच्याकडून वसूल करता येत नाही, एवढंच म्हणायचं.

टोकियोत ८४ गेले, ८७ गेले, ८९ नाही. २०२२च्या जुलैत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८४, ८८ आणि मग थेट ९०ची मागणी. सुवर्ण खिशात असल्यासारखंच होतं, प्रतिस्पर्धी कोसभर मागे. ती मागणी पदकासाठी नव्हतीच. लाल आणि हिरवी, दोनच चकत्यांचा तो बार वर गेला नाही. दोन्ही प्रकारांचे मिळून २०१ किलोंनिशी सुवर्ण मिळालं.

त्याच दिवशी, त्याच सभागृहात काही तास आधी, सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्य मिळवून भारताचं खातं उघडलं होतं. पानटपरीवाल्या वडिलांचा हा मुलगा क्लीन अँड जर्कमध्ये १३९ किलोंपाशी दोनदा अडला, त्यात कोपर दुखावलं, आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्याचे २४८, मलेशियाच्या विजेत्याचे २४९. मराठी वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी दोघांचे फोटो शेजारी छापले असतील तर त्यात नवल नाही. एकाला एक किलो कमी पडला, दुसरीला दोन, आणि दोघांच्याही गळ्यात पदक.

एका किलोचा हिशेब मीराबाईच्याही वाट्याला आला. २०२४ला पॅरिसमध्ये ८८ आणि १११, एकूण १९९. कांस्य २०० किलोंवर थायलंडला गेलं. मधल्या काळात हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत नितंबाची दुखापत, महिनोन्‌महिने बिनवजनाचे दिवस, वयाची तिशी. टीव्हीवरच्या जाणकारांनी तेव्हा हुकलेल्या पदकावर बोट ठेवलं. ते बरोबर होतं. पण रिओत २०१६ साली सहापैकी एकच प्रयत्न साधलेली आणि क्लीन अँड जर्कचे तिन्ही हुकल्यानं निकालातच न आलेली ही बाई, आठ वर्षांनी जगात चौथी होती, हे त्या बोटाखाली झाकून गेलं.

२०२५मध्ये वजनगट पुन्हा बदलले आणि ती एकतिसाव्या वर्षी ४८ किलोंत परतली. ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या फोर्डे इथल्या जागतिक स्पर्धेत स्नॅचमध्ये ८४ झाले, मग ८७ लागोपाठ दोनदा हुकले. नव्वद त्या दिवशी फारच लांब होते. त्यानंतर क्लीन अँड जर्कमध्ये १०९, ११२, आणि शेवटी ११५. टोकियोनंतर एवढं वजन तिनं पहिल्यांदाच उचललं होतं. एकूण १९९, म्हणजे पॅरिसइतकेच. थायलंडची लिफ्टर या वेळी १९८वर थांबली आणि मीराबाईला रौप्य मिळालं.